मॉल ओस, वाणी अर्धा आणि कोथिंबीर दहा मिनिटांत : उपनगरातला बाजार नेमका कशाने बदलला?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलमध्ये मुंब्र्याच्या बोगद्यात ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बऱ्यापैकी काढून टाकलेत. बाकी बोलणं जसंच्या तसं.

आजचा विषय श्रोत्यांकडूनच आलाय. तिघा-चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला होता. आमच्या इथला मॉल बंद का पडला, आणि शेजारच्या स्टेशनजवळचा मॉल मात्र रविवारी पाय ठेवायला जागा नसते इतका का भरतो? आणि दुसरा प्रश्न, याला जोडूनच : कोपऱ्यावरचा वाणी आता किती वर्षं टिकेल?

मला वाटतं हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. मॉलची गोष्ट आणि किराण्याची गोष्ट एकमेकांत अडकलेली आहे. तो गुंता आज सोडवू या. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही, बीटेक आहे, दिवसभर सर्व्हर आणि डेटाबेस यांच्याशी झटापट करते. त्यामुळे मधे एखादी उपमा माझ्या धंद्यातली येईल. सांभाळून घ्या.

एका रस्त्यावरचा इतिहास

उदाहरणासाठी एकच रस्ता घेऊ. लाल बहादूर शास्त्री मार्ग, आपला एलबीएस. जुनी माणसं याला अजून आग्रा रोड म्हणतात. सायनपासून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड करत ठाण्यापर्यंत. एकेकाळी हा कारखान्यांचा रस्ता होता. सकाळ-संध्याकाळ भोंगे वाजायचे, पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा. मग कारखाने बंद पडले किंवा बाहेर हलले, आणि मोठमोठ्या जमिनी मोकळ्या झाल्या. त्यातल्या काहींवर टॉवर आले, काहींवर मॉल.

मुंबईत मॉल ही गोष्ट लोकांनी पहिल्यांदा धडधडीत पाहिली ती १९९९ साली, हाजीअलीजवळच्या क्रॉसरोड्समध्ये. सुरुवातीला तिथे इतकी गर्दी उसळली की ज्याच्याकडे मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच फुकट आत सोडायचं, बाकीच्यांनी प्रवेश शुल्क भरायचं, असा नियम लावला होता. विचार करा, दुकानात शिरायला तिकीट! २००४ साली मालाडला इनऑर्बिट आलं आणि मॉल खऱ्या अर्थाने उपनगरात आला. एलबीएसवर तर रांगच लागली. मुलुंडला निर्मल लाइफस्टाइल आणि आर मॉल, कांजूरला हुमा, भांडुपला ड्रीम्स आणि मॅग्नेट, घाटकोपरला २००९ मध्ये आर सिटी, कुर्ल्याला २०११ मध्ये फिनिक्स मार्केटसिटी. पुढे ठाण्यात २०१३ साली विवियाना.

आता यातले आज जोरात कोण आहेत? आर सिटी आणि फिनिक्स. आणि मुलुंडचं निर्मल, जिथे शनिवारी संध्याकाळी बसायला पायरी मिळायची नाही, त्याचं ते रूप आज उरलेलं नाही. भांडुपचा ड्रीम्स मॉल तर बातम्यांत आला तो मार्च २०२१ मधल्या आगीमुळे. वरच्या मजल्यावर कोविड रुग्णालय होतं, आणि त्या रात्री तिथल्या रुग्णांचे जीव गेले.

रस्ता एकच, गिऱ्हाईक तेच, काळही साधारण तोच. मग फरक कुठे पडला?

गाळे विकले की भाड्याने दिले?

पहिलं उत्तर इतकं साधं आहे की ते कुणाच्या लक्षात येत नाही. मॉल बांधणारा दोनपैकी एक गोष्ट करू शकतो. एक, सगळे गाळे सुटे सुटे विकून पैसे घेऊन मोकळा होऊ शकतो. दोन, सगळी इमारत स्वतःकडे ठेवून गाळे भाड्याने देऊ शकतो.

पहिल्या प्रकारात बिल्डरला पैसा लगेच मिळतो. पण मग मॉलला मालक कोण? शेकडो मालक. कुणी डॉक्टर, कुणी निवृत्त बँकवाले, कुणी दुबईत बसलेले. प्रत्येकाने ‘गुंतवणूक’ म्हणून एक गाळा घेतलेला. एकाने तिथे मोबाईल रिपेअरिंग टाकलं, शेजारी क्लास, त्याच्या शेजारी कुलूप. ड्रीम्स मॉलमध्ये असेच शेकडो गाळे वेगवेगळ्या लोकांना विकलेले होते. अशा ठिकाणी एसीचं बिल कोण भरणार, सरकता जिना बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार, आगीचे पंप कोण तपासणार, यावर भांडणं सुरू होतात. आपल्या हाउसिंग सोसायटीत मेंटेनन्स थकला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तेच, फक्त शंभरपट मोठं. आणि इथे ती थकबाकी नुसती अडचण नसते. माणसं आत असतात.

दुसऱ्या प्रकारात मालक एकच. तो ठरवतो की तळमजल्यावर कुठलं दुकान, वर कुठलं, खाण्याचं कुठे, थिएटर कुठे. भाडंही बहुतेक वेळा दोन भागांचं असतं : एक किमान ठरलेली रक्कम, आणि विक्री वाढली तर त्यातला टक्का. म्हणजे दुकान चाललं तर मालकाचाही फायदा. त्यामुळे एखादं दुकान पडेल झालं की तो ते बदलतो. आर सिटीत २०२२ साली आयकिया आलं, ते अशाच मालकाला आणता येतं. शंभर मालकांच्या इमारतीत एवढी सलग जागा रिकामी करून द्यायची म्हटलं तर शंभर सह्या लागतील.

तेव्हा तुमच्या जवळचा मॉल ओस पडला असेल तर पहिली चौकशी ही करा : गाळे विकलेले होते का?

मॉलचं इंजिन किराणा होतं

दुसरं उत्तर जास्त मजेशीर आहे.

मॉलमध्ये आपण दोन प्रकारच्या वस्तू घेतो. एक, कधीमधी लागणाऱ्या. बूट, लग्नाची साडी, बॅग. दुसऱ्या, सतत लागणाऱ्या. साखर, तूरडाळ, साबण. बूट घ्यायला माणूस वर्षातून दोनदा येतो. साखर घ्यायला महिन्यातून दोनदा येतो. मॉलला धंदा बुटांवर मिळतो, पण माणूस पुन्हा पुन्हा दारात आणायचा तर साखर लागते.

म्हणून त्या काळातल्या बहुतेक मॉलमध्ये एक मोठं किराणा दुकान असायचं, तळघरात किंवा सगळ्यात आतल्या बाजूला. मॉलवाल्यांच्या भाषेत याला अँकर म्हणतात. त्याला भाडं कमी लावायचं, कारण गर्दी तो आणतो आणि त्या गर्दीतून बाकीची दुकानं कमावतात. डाळ-तांदूळ घ्यायला आलेली बाई परत जाताना वीस दुकानांसमोरून जाते. मुलगा आइस्क्रीम मागतो. नवरा शर्ट बघतो. हिशेब तिथे जमतो.

बिग बझार हे याचं सगळ्यात ठळक नाव. २००१ साली किशोर बियाणींनी सुरू केलं. त्यांना एक गोष्ट बरोबर कळली होती : आपल्याकडच्या माणसाला फार चकचकीत, शांत दुकानात शिरायची भीती वाटते. गर्दी असली, गोण्या उघड्या दिसल्या, धान्य हातात घेऊन बघता आलं की त्याला वाटतं इथे भाव बरा असणार. २६ जानेवारी २००६ ला त्यांनी ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा अनेक शहरांत इतकी झुंबड उडाली की आवरणं मुश्कील झालं.

मग हे इंजिन बंद कसं पडलं? कर्ज. दुकानं वाढवायला घेतलेलं कर्ज डोक्यावर, त्यात २०२० चं लॉकडाउन. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सने फ्युचर समूहाचा किरकोळ धंदा २४,७१३ कोटींना घेण्याचं जाहीर केलं. ॲमेझॉनने त्याला हरकत घेतली, कोर्टकचेऱ्या झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये, थकलेल्या भाड्याच्या कारणाने, रिलायन्सने बऱ्याच जागांचा ताबा घेतला, आणि जुलै २०२२ मध्ये फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एका अँकरवर ज्या मॉलचा भार होता, त्यांच्या तळघरात अंधार झाला.

जे मॉल टिकले त्यांनी इंजिन बदललं. आज मोठ्या मॉलमध्ये जा, वरचा मजला बघा. खाणं, थिएटर, मुलांचे खेळ, बोलिंग. मॉल आता जेवायला आणि वेळ घालवायला जायची जागा झालाय, खरेदी त्याच्या मागून येते. यात वाईट काही नाही. पण त्यामुळे एक गोष्ट हळूच घडली. घरातल्या आठवड्याच्या गरजेसाठी मॉलमध्ये जायचं कारण संपलं.

डी-मार्ट मॉलच्या बाहेर का उभं राहतं?

मग तो किराणा गेला कुठे? महिन्याचा किराणा बऱ्याच प्रमाणात डी-मार्टकडे गेला. २००२ साली पवईला पहिलं दुकान, राधाकिशन दमाणी यांचं. आज देशभरात ४०० हून जास्त दुकानं.

डी-मार्टचं गणित बिग बझारच्या बरोबर उलट आहे. शक्यतो जागा विकत घ्यायची, नाहीतर खूप लांब मुदतीच्या कराराने घ्यायची. त्यामुळे दर महिन्याचं भाडं वाढत जाण्याची डोकेदुखी नाही. दुकानं हळूहळू वाढवायची. पुरवठादाराला पैसे लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. सजावट शून्य. गाणी नाहीत, बसायला खुर्ची नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे मॉलच्या बाहेर, स्वतःच्या इमारतीत. कारण डी-मार्ट आपली गर्दी आपणच आणतं. मग ती दुसऱ्याच्या बुटांच्या दुकानासमोरून का फिरवायची?

मी याकडे अशी बघते. मॉलमध्ये किराणा स्वतः फारसा कमवायचा नाही, तो दुसऱ्यांसाठी राबायचा. डी-मार्टने किराण्याला म्हटलं, तू स्वतःसाठीच राब. भावातला फरक तिथून येतो.

आता माझ्या धंद्यातली उपमा : कॅशे

(इथे रेकॉर्डिंगमध्ये मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. ती तशीच ठेवली आहे.)

कंप्युटरमध्ये एक कल्पना असते, कॅशे. रोख पैसे नव्हेत हां, उच्चार तोच. कल्पना अशी : सतत लागणारी माहिती प्रोसेसरच्या अगदी जवळ, छोट्या पण महागड्या जागेत ठेवायची. कधीमधी लागणारी लांब, मोठ्या आणि स्वस्त जागेत. जवळची जागा भराभर देते, पण मावतं थोडं. लांबची जागा सावकाश देते, पण मावतं भरपूर.

घरचा बाजार तसाच आहे. स्वयंपाकघरातले डबे हा सगळ्यात जवळचा कॅशे. हात पुढे केला की जिरं. त्याच्या बाहेर कोपऱ्यावरचा वाणी, पाच मिनिटांवर. त्याच्या बाहेर डी-मार्ट, रिक्षा आणि पिशव्या. सगळ्यात लांब वाशीचं एपीएमसी मार्केट, जिथे गोण्या आहेत, भाव सगळ्यात कमी आहे, पण तुम्ही पाव किलो रव्यासाठी जाणार नाही.

आता दहा मिनिटांत सामान आणणारी ॲप्स काय करतात? वाण्याच्या थरात नवीन कॅशे घुसवतात. त्याला डार्क स्टोअर म्हणतात. दुकान असतं, पण गिऱ्हाईकाला आत प्रवेश नसतो. पाटी बहुधा छोटीशी, बाहेर दुचाकींची रांग. आत अरुंद गल्ल्या, कुठल्या फडताळात काय हे मशीनला ठाऊक, उचलणाऱ्या मुलाच्या फोनवर रस्ता दिसतो : गल्ली चार, वरून दुसरं, दोन नग.

दहा मिनिटं कशी जमतात, हिशेब करून बघू. उचलून पिशवी भरायला अडीच मिनिटं धरा. तुमच्या सोसायटीचं गेट, नोंद आणि लिफ्ट मिळून दोन मिनिटं. उरली साडेपाच. गल्लीबोळातून दुचाकीचा वेग ताशी २० किलोमीटर धरला तर साडेपाच मिनिटांत साधारण १.८ किलोमीटर होतात. संपलं. म्हणजे डार्क स्टोअर तुमच्यापासून पावणेदोन किलोमीटरच्या आत पाहिजेच. कितीही हुशार सॉफ्टवेअर लिहा, हे अंतर कमी करता येत नाही. म्हणून ही ॲप्स जितकी सॉफ्टवेअरची आहेत तितकीच जागेची आहेत. त्यांना तुमच्या गल्लीत गाळा हवा असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नावं तुम्हाला माहीत आहेतच. २०१३ मध्ये सुरू झालेलं ग्रोफर्स डिसेंबर २०२१ मध्ये ब्लिंकिट झालं आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ते घेतलं. स्विगीचं इन्स्टामार्ट २०२० चं. झेप्टो २०२१ चं, मुंबईतच सुरू झालेलं.

आणि पैसे कसे सुटतात? समजा तुम्ही २५० रुपयांचं सामान मागवलं आणि त्यात दुकानाचं मार्जिन २० टक्के आहे. म्हणजे ५० रुपये. त्यातून आणून देणाऱ्याचे पैसे, उचलणाऱ्याचा पगार, गाळ्याचं भाडं, फ्रीजची वीज, पिशवी. ५० रुपयांत हे बसवणं अवघड. म्हणून मग हँडलिंग चार्ज, छोट्या ऑर्डरचा चार्ज, पावसाचा चार्ज. आणि म्हणूनच ॲपवर ‘बिस्किट’ लिहिलं की पहिलं जे दिसतं ते बहुतेकदा कंपनीने पैसे भरून वर आणलेलं असतं. वाण्याच्या दुकानात समोरची बरणी कुणाची हे वाणी ठरवायचा. इथे जाहिरातदार ठरवतो.

टॉवर झाला आणि वाणी लांब गेला

सगळे म्हणतात की ॲपने वाण्याला मारलं. मला हे अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं उत्तर रिडेव्हलपमेंटमध्ये आहे.

जुनी चाळ किंवा तीन-चार मजली इमारत आठवा. तळाला रस्त्याकडे तोंड करून दुकानं : वाणी, पिठाची चक्की, लाँड्री, दूधवाला. वरून आई ओरडायची, “अर्धा किलो पोहे पाठवा हो!”, आणि पोऱ्या वर यायचा. काही ठिकाणी टोपली दोरीने खाली सोडायचे.

आता त्या जागी वीस-बावीस मजल्यांचा टॉवर. खालचे काही मजले पार्किंग. रस्त्याकडे भिंत, गेट, सिक्युरिटी केबिन. दुकानं एकतर उरत नाहीत, किंवा जी उरतात त्यांचं भाडं आणि मेंटेनन्स किराण्याला परवडत नाही. तिथे बँकेचं एटीएम येतं, दातांचा दवाखाना येतो.

अठराव्या मजल्यावरच्या माणसाला कोथिंबिरीची जुडी हवी आहे. लिफ्टची वाट बघून खाली यायला तीन मिनिटं, गेटपर्यंत दोन, दुकानापर्यंत पाच. तेवढंच परत. वीस मिनिटं. ॲप दहा सांगतं. तो आळशी झाला म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण इमारतच अशी बांधली की खाली उतरणं महाग पडावं. त्यात घरात आजी-आजोबा असले, गुडघे दुखत असले, तर ती दहा मिनिटं ही चैन राहत नाही, सोय होते. हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

माझा मामा आणि त्याची वही

आता हे सगळं मला इतकं का लागतं ते सांगते. माझ्या मामाचं भांडुप पश्चिमेला किराणा दुकान आहे. मी शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत गल्ल्यावर बसलेली आहे, पुड्या बांधायला तिथेच शिकले. ती इमारत आता रिडेव्हलपमेंटला चाललीय. नव्या इमारतीत मामाला एक गाळा मिळणार, आणि त्या गाळ्यासाठी आत्ताच एक दलाल येऊन गेला. डार्क स्टोअरसाठी शेजारचे गाळे एकत्र करून हवेत, भाडं चांगलं देऊ म्हणाला.

मामीचं म्हणणं, देऊन टाका. साठी आली, पहाटे पाचला दुधाच्या गाडीसाठी उठायचं बंद होईल. मामेभावाला दुकानात रस नाही. हिशेबाने बघितलं तर मामी बरोबर आहे. मीसुद्धा लॅपटॉपवर तक्ता करून दाखवला. दुकानातून महिन्याला सुटणारे पैसे आणि देऊ केलेलं भाडं यांत फार फरक नव्हता, आणि भाड्याला घाम गाळावा लागत नाही.

मामा तक्ता बघून म्हणाला, “अगं, यात उधारीची वही कुठे आहे?”

उधारी म्हणजे काय ते त्यानेच समजावलं. समजा चाळीस घरं महिन्याला तीन-तीन हजारांचं सामान उधारीवर नेतात. म्हणजे एक लाख वीस हजार रुपये कायम बाहेर. डिस्ट्रिब्यूटर मात्र आठवड्याने पैसे मागतो. ती मधली फट मामा स्वतःच्या खिशातून भरतो. व्याज नाही, कागद नाही, जामीन नाही. म्हणजे तो वाणी आहेच, पण चाळीस घरांची छोटी बँकही आहे. यात बुडतंही. पण एप्रिल २०२० मध्ये, जेव्हा ॲपवर स्लॉट मिळत नव्हता आणि रिक्षा बंद होत्या, तेव्हा गल्लीतल्या रिक्षावाल्यांच्या घरात तांदूळ त्या वहीवर गेला. माझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता, कारण त्याची किंमत मामा लावतच नाही.

ॲपवरही आता ‘नंतर पैसे द्या’ असतं. पण ते ज्याच्याकडे बँक खातं, स्मार्टफोन आणि बरा क्रेडिट स्कोअर आहे त्याला. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना आणि घरकाम सुटलेल्या महिन्यात मामा जे देतो ते कुठल्या ॲपमध्ये नाही.

हे मी मामाचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. सगळे वाणी असे नसतात. वजनात मारणारे, जुना माल खपवणारे, उधारीच्या नावाखाली चढा भाव लावणारेही असतात, आणि त्याच कारणाने लोक डी-मार्टला गेले. १९४८ साली नायगावात कामगारांनी अपना बाजार काढला तो दुकानदारांच्या भावाला कंटाळूनच. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची घरं गट करून महिन्याची यादी एकत्र देतात, माल एका घरी येतो आणि तिथे वाटून घेतात, तेही त्याच कारणाने. म्हणजे वाण्याला पर्याय शोधणं ही ॲपवाल्यांची कल्पना नाही. फरक एवढाच की तेव्हाचा पर्याय गिऱ्हाईकांच्या मालकीचा होता.

मामाने काय ठरवलं? भाड्याला नाही म्हणाला, निदान दोन वर्षं. पण दुकान बदलतोय. मोठ्या कंपन्यांची बिस्किटं, शांपू, साबण कमी करणार. त्यात ॲपशी भाव जुळत नाही. त्या जागी सुटं धान्य, छोटी चक्की, थालीपीठ-चकलीची भाजणी, कुळथाचं पीठ, आमसुलं, गावठी पोहे. यादी व्हॉट्सॲपवर घ्यायची, संध्याकाळी एकाच फेरीत टॉवरमध्ये पोचवायची. माझ्या भाषेत सांगायचं तर जे सगळ्या कॅशेत आहे ते त्याने काढून टाकलं, आणि जे कुठेच नाही ते ठेवलं. हे त्याला मी शिकवलेलं नाही.

मग आपण काय बघायचं?

कुठून घ्यायचं हे मी सांगणार नाही. मी स्वतः तिन्हीकडून घेते. पण चार गोष्टी डोळसपणे बघता येतात.

एक, पाकिटाचं वजन बघा. पाकिटांवर आता ग्रॅम किंवा किलोमागचा दर छापलेला असतो, तो वाचा. १८० ग्रॅम ४५ रुपयांना म्हणजे किलोला २५०. ५०० ग्रॅम ११० रुपयांना म्हणजे किलोला २२०. ॲप आपल्याला छोटं पाकीट घ्यायची सवय लावतं, आणि छोटं पाकीट बहुतेकदा महाग असतं.

दोन, ॲपच्या बिलात वस्तूची किंमत आणि वरचे चार्ज वेगळे बघा. वस्तू एमआरपीपेक्षा महाग विकता येत नाही, पण चार्ज वेगळ्या ओळीत येतात. महिन्याच्या शेवटी फक्त त्या ओळींची बेरीज करून बघा.

तीन, स्वच्छता. दुकानात आपण डोळ्यांनी बघतो, डार्क स्टोअरमध्ये आपल्याला प्रवेश नाही. तिथे आपले डोळे म्हणजे अन्न व औषध प्रशासन. जून २०२५ मध्ये त्यांनी धारावीतल्या अशाच एका केंद्राचा परवाना निलंबित केला होता. म्हणजे तक्रार करता येते आणि कारवाई होते. खराब माल आला तर पैसे परत घेऊन गप्प बसू नका, तक्रारही नोंदवा.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू असेल तर नकाशा बघताना फ्लॅटच्या कार्पेट एरियावरच थांबू नका. तळमजल्यावर रस्त्याकडे दुकानं आहेत का, किती मोठी आहेत, जुन्या दुकानदारांना परत जागा कुठे मिळतेय, हे सर्वसाधारण सभेत विचारा. आपल्याला वाटतं बाजार कंपन्या ठरवतात. पण पुढची तीस वर्षं तुमच्या खाली वाणी असेल की भिंत, हे त्या सभेत हात वर करून ठरतं. आणि त्या सभेला बहुधा कोरमसुद्धा भरत नाही.

तेवढं करा. तुमच्या भागातला एखादा मॉल किंवा दुकान बंद पडलं असेल, किंवा कुणी हुशारीने बदलून टिकलं असेल, तर आम्हाला कळवा. मामासाठी नवीन कल्पना मिळाल्या तर त्याही चालतील. भाजणी कशी झाली ते मी पुढच्या भागात सांगेन.

भेटू या. तोवर काळजी घ्या, आणि कोथिंबीर जमलं तर खाली उतरून आणा.